आंबट नाव, गोड गोळी

औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी जी हातभर जागा असते, तिच्यावरून त्या त्या काळातील मध्यमवर्गाच्या प्रकृतीची, आणि त्याहून अधिक त्याच्या काळज्यांची, बरीच कल्पना येते. एकेकाळी तेथे ग्राइपवॉटर, च्यवनप्राश आणि खोकल्याच्या वड्या मांडलेल्या असत. आता त्या जागी लालभडक जेलीच्या गोळ्यांनी भरलेल्या डब्या दिसू लागल्या आहेत. डबीवर सफरचंदाचे चित्र असते, त्याखाली ‘ॲपल सायडर व्हिनेगर गमीज’ अशी अक्षरे असतात आणि बहुधा ‘वुइथ मदर’ असा एक गूढ उल्लेखही असतो. गोळी चावावी तर ती लहान मुलांच्या खाऊसारखी गोड लागते. वजन आटोक्यात राहते, रक्तातील साखर काबूत येते, पोटाचा फुगारा कमी होतो, अंगातील ‘विषे’ बाहेर पडतात आणि त्वचेला तजेला येतो, असे तिच्याविषयी जाहिरातींतून आणि त्याहूनही अधिक आप्तस्नेह्यांच्या तोंडून ऐकू येते.

ही केवळ हौसेची बाब असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. लोक पेढे खातात, आइस्क्रीम खातात, तशा याही गोळ्या खातील. परंतु या डब्या घेणारा माणूस पेढ्यांच्या दुकानात आलेला नसतो. तो बहुधा चाळिशी ओलांडलेला, दिवसातील आठ तास खुर्चीवर बसून काम करणारा असतो. त्याच्या खिशात रक्ततपासणीचा कागद असतो आणि त्यावर साखरेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी वर्तुळ काढलेले असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या आकड्यातील माणूस हाच या डबीचा खरा गिऱ्हाईक. त्याला आजार अजून झालेला नाही, पण भीती मात्र लागलेली आहे. अशा माणसाच्या हाती काय पडते याला म्हणूनच महत्त्व आहे.

आधी मूळ पदार्थाकडे पाहू. सफरचंदाचा रस आंबू दिला की यीस्टच्या योगाने त्यातील साखरेचे मद्य होते. त्या मद्याला हवा लागू दिली की ॲसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू त्याचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात. या क्रियेमागील जीवाणूंचे काम फ्रान्सच्या लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उकलून दाखविले. पण ती क्रिया त्याच्या आधी हजारो वर्षे घरोघरी चालूच होती. द्राक्षे असत तेथे द्राक्षांचे, तांदूळ असत तेथे तांदळाचे आणि गोव्यात माडाच्या सुरेचे व्हिनेगर होत आले. गोव्याच्या विंदालूचे आणि सोरपोतेलचे आंबट-तिखट सत्त्व त्यातूनच आलेले आहे. आयुर्वेदात ‘शुक्त’ नावाने जे आंबवलेले द्रव वर्णिले आहेत तेही याच कुळातले. फळ कोणतेही असो, शेवटी उरते ते ॲसेटिक आम्ल. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये ते साधारण ५ टक्के असते. उरलेला भाग जवळजवळ सगळा पाण्याचा, त्यात फळातील काही द्रव्यांचे अल्प अंश. ‘मदर’ म्हणून जिचा एवढा गाजावाजा होतो ती म्हणजे त्या जीवाणूंनी विणलेली सेल्युलोजची जाळी, बाटलीच्या तळाशी दिसणारा गढूळ तंतुमय साका. ती असली म्हणजे व्हिनेगर गाळलेले नाही एवढे कळते.

व्हिनेगरची औषध म्हणून ख्यातीही जुनीच आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या परंपरेत मध आणि व्हिनेगर यांचे मिश्रण सांगितलेले आहे. आधुनिक काळात मात्र सफरचंदाच्या व्हिनेगरला घरगुती औषधांच्या सिंहासनावर बसविले ते अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या डॉ. डी. सी. जार्व्हिस यांनी. तेथील शेतकऱ्यांच्या घरगुती उपचारांवर त्यांनी १९५८ साली एक पुस्तक लिहिले. व्हिनेगर आणि मध पाण्यात घालून रोज घ्यावे हे त्यातील मुख्य सूत्र होते. पुस्तक अफाट खपले. जार्व्हिस यांच्या विवेचनात शास्त्रापेक्षा श्रद्धेचा भाग मोठा होता. तरीही त्यांच्याविषयी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांनी जो पदार्थ सांगितला तो निदान खरोखरच व्हिनेगर होता. जिभेला झोंबणारा, नाकात जाणारा, घोट घेताना तोंड वेडेवाकडे करायला लावणारा.

याच पदार्थावर पुढे प्रयोगशाळांत काम झाले, आणि त्यातून अगदीच काही निघाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एकूण २९ जणांना पाव, लोणी आणि संत्र्याचा रस असे पिष्ट व साखर भरपूर असलेले जेवण दिले. एकदा त्याआधी २० ग्रॅम सफरचंदाचे व्हिनेगर पाण्यातून पाजले आणि एकदा दुसरेच पेय. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा लोकांमध्ये व्हिनेगर घेतल्यावर जेवणानंतरची इन्शुलिनची संवेदनशीलता ३४ टक्क्यांनी सुधारलेली दिसली, तर मधुमेह झालेल्यांत १९ टक्क्यांनी. प्रयोग लहान, अवधी एका जेवणापुरता. पण परिणाम दिसला हे खरे. तो कसा होतो याविषयी जे सांगितले जाते त्यातील सर्वांत समजण्याजोगा भाग असा की, आम्लामुळे जठरातील अन्न पुढे आतड्यात सरकण्याची गती मंदावते आणि रक्तात साखर एकदम न चढता हळूहळू चढते. आमटीत आमसूल असले म्हणजे भात अंगावर येत नाही असे जुनी माणसे म्हणत. तिच्यामागे असेच काही अनुभवाचे बोल असतील, पण आमसुलातील आम्ल वेगळे आणि तो विषयही वेगळा.

वजनाच्या बाबतीत ज्याचा हवाला सर्वांत अधिक दिला जातो तो प्रयोग जपानमध्ये झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. स्थूल म्हणता येतील अशा सुमारे दीडशे प्रौढ स्त्री-पुरुषांना बारा आठवडे रोज एक पेय देण्यात आले. काहींच्या पेयात १५ मिलिलिटर व्हिनेगर, काहींच्या पेयात ३० मिलिलिटर आणि काहींच्या पेयात अजिबात नाही. बारा आठवड्यांअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी १.२ किलोने आणि दुसऱ्याचे १.९ किलोने घटले. घेणे थांबविल्यानंतरच्या चार आठवड्यांत गाडी पुन्हा मूळ पदावर येऊ लागली. हे संशोधक मिझकान या कंपनीचे होते, आणि ही कंपनी १८०४ सालापासून व्हिनेगरच करीत आलेली आहे, हेही ध्यानात ठेवलेले बरे. तरी आकडे त्यांनी फुगवलेले नाहीत. तीन महिने नेमाने व्हिनेगर पिऊन माणूस दीड-दोन किलोंनी उतरतो, एवढेच ते सांगतात. अशा निरनिराळ्या प्रयोगांची गोळाबेरीज करणारा एक लेख २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपाशीपोटीच्या साखरेत सरासरी सुमारे ८ मिलिग्रॅम आणि एकूण कोलेस्टेरॉलमध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम एवढी घट निघाली. परिणाम नाही असे नव्हे; पण ज्याची साखर १८० आहे त्याची ती १७२ झाली तर त्याचे डॉक्टर पेढे वाटणार नाहीत.

आता डबीकडे परत यावे. वरील सर्व प्रयोगांतून जो थोडाफार गुण दिसला तो पातळ व्हिनेगरचा, चमच्याने मोजून घेतलेला आणि बहुधा जेवणाला जोडून घेतलेला. गुण आला तो मुख्यतः आम्लामुळे. मग गोळीत आम्ल किती? पुष्कळशा डब्यांच्या पाठीमागे एका गोळीत ५०० मिलिग्रॅम सफरचंद व्हिनेगर असल्याचे छापलेले असते. काही ठिकाणी त्यात ५ टक्के ॲसेटिक आम्ल असल्याचेही नमूद असते. कित्येक डब्यांवर तर तेवढेही नसते. पाचशे हा आकडा भारदस्त दिसतो खरा, पण त्याचे ५ टक्के म्हणजे २५ मिलिग्रॅम. याउलट एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर व्हिनेगरमध्ये, याच प्रमाणाने ७५० मिलिग्रॅम आम्ल असते. पाचवीतला विद्यार्थीही हा भागाकार करू शकेल. एका चमच्याची बरोबरी करायची तर तीस गोळ्या खाव्या लागतील. जॉन्स्टनबाईंच्या प्रयोगातील एका वेळच्या मात्रेसाठी चाळीस. आणि जपानी प्रयोगातील मोठ्या मात्रेसाठी साठ, म्हणजे बहुतेक कंपन्यांची महिनाभराची आख्खी डबी एका दिवसात फस्त करावी लागेल. डबीवर सांगितलेली मात्रा दिवसाला दोन गोळ्यांची, फार तर चारसहांची असते.

बरे, एखाद्या भाविकाने तीस गोळ्या खाल्ल्याच, तर काय होईल? गोळी गोड लागते कारण तिच्यात साखर असते, साधारण एका गोळीला एक ग्रॅम, काहींत अधिक. तीस गोळ्यांची साखर तीस ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा श्रेयस्कर म्हणून सांगितली ती प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे, आणि तीही चहा, बिस्किटे, गुलाबजाम असे सगळे धरून. तेव्हा साखर उतरविण्याच्या औषधातूनच दिवसभराच्या साखरेचा कोटा ओलांडला जाईल. ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत माल्टिटॉलसारखी गोडी आणणारी द्रव्ये असतात. ती अधिक पोटात गेली की पोट बिघडते आणि वारंवार शौचास जावे लागते, हा त्यांचा प्रसिद्ध गुण आहे.

आम्ल इतके थोडे घालण्यात उत्पादकांची केवळ कंजुषी आहे असेही नाही. गोळीच्या जातीतच ती अडचण आहे. जेलीच्या गोळ्या मुळात मिठाई. जर्मनीतील बॉन शहरी हान्स रीगल याने १९२२ साली नाचऱ्या अस्वलाच्या आकाराच्या अशा गोळ्या काढल्या आणि मुलांनी त्या डोक्यावर घेतल्या. साखरेचा पाक, जिलेटिन किंवा पेक्टिन, फळांचा स्वाद आणि रंग उकळून साच्यात ओतायचे असा हा प्रकार. पुढे अमेरिकेत मुलांना जीवनसत्त्वे देण्यासाठी हीच युक्ती वापरली गेली, आणि मग मोठ्यांनाही ती गोड लागली. जीवनसत्त्वांचे ठीक आहे, ती दिवसाला मिलिग्रॅमांनी, किंबहुना मायक्रोग्रॅमांनी लागतात, गोळीत मावतात. पाऊण ग्रॅम ॲसेटिक आम्ल मात्र तीन-चार ग्रॅमांच्या गोळीत घालून ती खाण्याजोगी ठेवणे अशक्यप्राय आहे. तिचा वास डबी उघडताच खोलीभर पसरेल आणि जीभ भाजेल. म्हणून व्हिनेगर आधी वाळवून त्याची भुकटी करतात, ती साधारणतः माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या पिष्टावर बसवितात आणि त्यातील चिमूट मिश्रणात घालतात. आंबट चव हवी म्हणून वरून सायट्रिक आम्ल घालतात ते वेगळेच. अशा उकळलेल्या पाकातून ‘मदर’मधील जीवाणू जिवंत बाहेर पडतात असे मानायला बरीच श्रद्धा लागते.

या संदर्भात आपल्या कायद्यातील एक तरतूद पाहण्यासारखी आहे. आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये निदान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेच पाहिजे, असे भारतीय अन्नसुरक्षा नियमांत म्हटले आहे. पाण्यात आम्ल मिसळून केलेल्या, रस्त्यावरच्या चायनीज गाड्यांवर दिसणाऱ्या व्हिनेगरवर ‘सिंथेटिक’ असे स्पष्ट छापावे लागते. म्हणजे नूडल्सवर शिंपडायच्या पाण्याचीही सरकार एवढी चौकशी करते. तीन ग्रॅमच्या गोळीतील २५ मिलिग्रॅम आम्लाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरते. गोळी हे व्हिनेगर नव्हे, पूरक आहार आहे, असे कायदा म्हणतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण गिऱ्हाईक डबी उचलतो ती त्यावरच्या व्हिनेगर या शब्दाकडे पाहूनच.

गोळी गिळायची की चघळायची यापेक्षा तिच्यात आहे काय हा प्रश्न यापूर्वीही उपस्थित झालेला आहे. अमेरिकेत सफरचंद व्हिनेगरची सुकी गोळी एका बाईच्या घशात अर्धा तास अडकली आणि तिला त्यानंतर बराच काळ गिळताना त्रास होत राहिला. या घटनेनंतर आर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी बाजारातील आठ उत्पादने तपासून त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध केला. त्यांतील आम्लाचे प्रमाण १ टक्क्यापासून थेट साडेदहा टक्क्यांपर्यंत वाटेल तसे होते. यांत खरोखरच सफरचंदाचे व्हिनेगर आहे की नाही, अशी शंका त्या संशोधकांनीच व्यक्त केली. पुढे २०२० साली जॉन्स्टन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पातळ व्हिनेगर आणि बाजारातील व्हिनेगरच्या गोळ्या यांची समोरासमोर तुलना केली. प्रयोग बारा निरोगी व्यक्तींवरचा, लहानच होता. जेवणानंतरची साखर आवरण्याचा जो गुण पातळ व्हिनेगरात दिसला तो गोळ्यांत तसा दिसला नाही. व्हिनेगरच्या बाजूने ज्यांच्या संशोधनाचा दाखला सर्वाधिक दिला जातो त्याच विदुषीचा हा निष्कर्ष आहे, पण गोळ्यांच्या जाहिरातीत तो कधी आढळत नाही.

जाहिरातींत आढळला तो वेगळाच प्रयोग, आणि त्याची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या समूहातील पोषणविषयक नियतकालिकात लेबनॉनमधील संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. बारा ते पंचवीस वर्षे वयाच्या, वजन अधिक असलेल्या १२० जणांचे चार गट पाडून तीन गटांना रोज सकाळी ५, १० किंवा १५ मिलिलिटर सफरचंद व्हिनेगर पाण्यातून देण्यात आले, आणि बारा आठवड्यांत त्यांचे वजन सहा ते आठ किलोंनी उतरले, असे त्यात म्हटले होते. जपान्यांना ३० मिलिलिटर पाजूनही दोन किलोंची मजल गाठता आली नव्हती. येथे एका छोट्या चमच्यात चमत्कार घडला होता. बातमी जगभर पसरली. वृत्तपत्रांनी मथळे दिले, मोबाइलवरून ती गावोगाव पोचली आणि व्हिनेगर विकणाऱ्यांनी ती आपल्या मालावर चिकटविली. अर्थात गोळ्या विकणाऱ्यांनीही, जरी त्या प्रयोगात गोळी कोणी खाल्लेली नव्हती. इतर शास्त्रज्ञांना मात्र आकडे खटकले आणि त्यांनी तशी पत्रे लिहिली. संपादकांनी मूळ आकडेवारी संख्याशास्त्रज्ञांकडे तपासायला दिली, तेव्हा निष्कर्ष पुन्हा निघेनात. विश्लेषणात अनेक चुका आणि आकडेवारीत विसंगती सापडल्या. प्रयोगाची आगाऊ नोंदणीही झालेली नव्हती. आपल्या चुका प्रामाणिकपणे झाल्या असे लेखकांनी सांगितले आणि लेख मागे घेण्यास संमती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. मधल्या दीड वर्षात किती डब्या खपल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मागे घेतलेल्या लेखाची बातमी मूळ बातमीच्या मागोमाग त्याच वाटांनी जात नाही. ज्या भाचीने मामाला मार्चमधली बातमी पाठविली होती, तिला सप्टेंबरमधली बहुधा पोचलेलीच नसते.

जाहिरातींची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. मधुमेह बरा होतो, लठ्ठपणा जातो असे उघड म्हणता येत नाही. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत, आणि अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला बाजारात येण्यापूर्वी गुण सिद्ध करण्याच्या अटीतून मोकळे केले. मात्र कोणत्याही रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी हे उत्पादन नाही, असे छापण्याचे बंधन दावा करणाऱ्यांवर घातले. तेव्हा दोन्हीकडे एक साळसूद क्रियापद रूढ झाले आहे: गोळी पचनाला ‘साहाय्य’ करते, चयापचयाला ‘आधार’ देते, निरोगी वजनाला ‘पूरक’ ठरते. या वाक्यांना न्यायालयात खेचणे कठीण, कारण त्यांत पकडीत येण्यासारखे काहीच नसते. ‘डिटॉक्स’ या शब्दाचेही तेच. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे जन्मापासून बिनबोभाट करीत असतात. त्यांना सफरचंदाच्या गोळीची वाट पाहावी लागत नाही.

तरीही ‘मला बरे वाटते’ असे सांगणारी माणसे भेटतात, आणि ती खोटे बोलत नसतात. एक तर जो माणूस वजनासाठी गोळी घेऊ लागतो तो बहुधा त्याच आठवड्यात संध्याकाळी फिरायला जाऊ लागतो आणि वडापाव कमी करतो. श्रेय मात्र डबीला देतो. दुसरे असे की या गोळ्यांत बहुधा ब-१२ आणि फोलिक आम्ल घातलेले असते. शाकाहारी भारतीयांत ब-१२ ची उणीव सर्रास आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती आढळते. अशा माणसाला त्या अंशाने खरोखर हुशारी वाटत असेल. पण ती व्हिनेगरची नव्हे, आणि रक्त तपासून तेवढेच जीवनसत्त्व घेतले तर याहून पुष्कळ स्वस्त पडते.

गोळीपासून थेट अपाय फारसा होईल असे म्हणण्यासारखे नाही. जिच्यात आम्लच नाही ती दाहक तरी कशी होणार! दातांना चिकटून राहणारी साखर आणि सायट्रिक आम्ल यांविषयी दंतवैद्य तक्रार करतील, आणि घरात लहान मूल असेल तर खाऊसारखी दिसणारी डबी त्याच्या हाती लागू नये, एवढे पथ्य आहेच. खऱ्या पातळ व्हिनेगरचे मात्र तसे नाही. अति झाले की तेही उलटते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे एका २८ वर्षांच्या स्त्रीने सहा वर्षे रोज पाव लिटर सफरचंद व्हिनेगर घेतले. तिच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ झाली, असा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झालेला आहे. मधुमेह जुना होऊन ज्यांच्या जठराची हालचाल आधीच मंदावलेली असते त्यांच्यात व्हिनेगरने ती आणखी मंदावते, असे स्वीडनमध्ये २००७ साली दिसून आले. इन्शुलिन घेणाऱ्याला त्यामुळे साखरेचा अंदाज चुकण्याचा धोका असतो. लघवी होण्याची औषधे घेणाऱ्यांनीही पोटॅशियमच्या कारणाने जपायला हवे.

गोळीचा अपाय निराळ्या वाटेने होतो. जो कागद खिशात घेऊन माणूस दुकानात शिरला होता तो कागद डबी विकत घेतल्यावर घडी घालून कपाटात जातो. काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि करायचे ते मागे पडते. उंबरठ्यावरच्या माणसाने काय करावे हे आज अज्ञात राहिलेले नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सुमारे सात टक्क्यांनी उतरविणे आणि आठवड्यातून दीडशे मिनिटे चालणे एवढ्या उद्दिष्टाने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. परदेशी आकडे आपल्याला लागू पडतातच असे नाही, म्हणून चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न ५३१ भारतीयांना घेऊन तपासला. तो प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाने सुमारे साडेअठ्ठावीस टक्के आणि मेटफॉर्मिनने सुमारे साडेसव्वीस टक्के घट दिसली. अमेरिकेइतके घवघवीत नाही. भारतीयांत हा आजार लवकर आणि कमी वजनावरही जडतो, त्यामुळे आपली लढाई अधिक अवघड आहे. पण जे मिळते ते फुकट चालण्यातून, किंवा डॉक्टरांनी सांगितले तर रुपया-दोन रुपयांच्या गोळीतून मिळते. जेलीच्या गोळ्यांची एक डबी काही शे रुपयांना पडते आणि ती महिन्याभरात संपते. कारकुनाच्या पगारात हा फरक लहान नाही.

ज्यांना आंबट आवडते आणि ज्यांच्या डॉक्टरांची हरकत नाही त्यांनी चमचाभर साधे व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून जेवणाबरोबर घ्यावे, किंवा काकडी-कांद्याच्या कचुंबरीवर घालावे. त्यात दोनचारशे गोळ्यांचे आम्ल आठवड्याभरात सहज पोटात जाईल, आणि कचुंबर तर खाल्ली जाईलच. नुसते, पाण्याविना मात्र घेऊ नये. घसा आणि दात पोळतात. आणि डबी घरात आलेलीच असेल तर तिची मागची बाजू एकदा उजेडात नेऊन वाचावी. पूरक आहाराविषयीच्या भारतीय नियमांनुसार एक ओळ तेथे छापणे सक्तीचे आहे, सहसा ती सर्वांत बारीक टायपात असते: ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’.